पोट की बोट? बधिर रुग्ण, खुणांची भाषा आणि दुभाषी

वाचकहो, आज सुरुवातीलाच एक लहानसा प्रयोग करू. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून 'पोट' म्हणा. मग तसेच 'बोट' म्हणा आणि शेवटी 'मोट' म्हणा. समोरच्याला ओळखायला सांगा. तो गोंधळणारच! कारण प, ब आणि म ही तिन्ही अक्षरे ओठ मिटून उघडल्याने होतात. त्यांतला फरक गळ्यात आणि नाकात असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. क, ख, ग तर इतके आत उच्चारले जातात की ओठांवर त्यांचा मागमूसही नसतो.

आता जन्मापासून ऐकू न येणारी एखादी बाई डॉक्टरांसमोर बसली आहे, असे समजा. डॉक्टर विचारतात, "पोट दुखते का?" ती आपले बोट वर करून दाखवते आणि 'नाही' म्हणून मान हलवते. बाकावर बसलेले लोक हसतात. हा प्रसंग माझ्याच दवाखान्यात घडला आहे, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे त्याच बाईच्या बाबतीत जे घडले, त्यानंतर मात्र हसू आले नाही.

एक चुकलेले निदान

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. गणपतीच्या आधीचे दिवस होते, बाहेर पाऊस होता. किनाऱ्यावरच्या वाडीतली ही तिशीची बाई संध्याकाळी दवाखान्यात आली. नवरा रापणीवर जाणारा. बरोबर शाळेच्या गणवेशातली अकरा वर्षांची मुलगी. नेहमी सासू बरोबर येई आणि मी काही विचारले की म्हणे, "तिका काय कळता, डॉक्टरानू? तुम्ही माका सांगा." त्या दिवशी सासू नव्हती, म्हणून चेडवालाच आणले होते.

"आवशीच्या पोटात दुखता," मुलगी म्हणाली.

कधीपासून, काय खाल्ले, उलटी झाली का, असे प्रश्न मी मुलीला विचारले. ती आईला हातवारे करून विचारी आणि मला एका शब्दात उत्तर देई. मध्येच आईने ओटीपोटाकडे हात नेला, दोन बोटे दाखवली आणि पुन्हा काहीतरी खूण केली. मुलीने खाली पाहिले. मी विचारले, "काय म्हणते?" मुलगी म्हणाली, "काय नाय."

मी पोट तपासले, इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि उद्या दाखवायला सांगितले. कोणत्याही डॉक्टरने या वयाच्या स्त्रीला ओटीपोटात दुखत असताना विचारायलाच हवा असा प्रश्न, म्हणजे 'पाळी कधी आली होती?', मी विचारला नाही. समोर अकरा वर्षांची मुलगी उभी होती, म्हणून मला अवघड वाटले. आणि आई जे सांगत होती ते तिला अवघड वाटले.

रात्री दोन वाजता नवऱ्याने दार ठोठावले. बाई पांढरीफटक पडली होती, अंग गार, नाडी हाताला लागेना. गर्भ गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजला होता आणि नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाला होता. पाळी चुकून दोन आठवडे झाले होते आणि दोन दिवस थोडे थोडे रक्त जात होते. ती दोन बोटे तेच सांगत होती! शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, बाई वाचली. पण हे श्रेय माझे नव्हे.

(वाचक भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे: पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे रक्त जाणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसली तर रात्र काढू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.)

'मुके' हा शब्द

आपण सर्रास 'मूकबधिर' म्हणतो. बहुतेक बधिर माणसांचा स्वरयंत्राशी काही बिघाड नसतो. जे कधी ऐकलेच नाही ते बोलायचे कसे, एवढाच प्रश्न असतो. बुद्धीचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही. 'तिका काय कळता?' हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. तिला सगळे कळत होते. कळत नव्हते ते मला.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बोलण्याच्या पट्टीतील आवाजासाठी दोन्ही कानांची श्रवणहानी 70 डेसिबल किंवा अधिक असेल तर ती व्यक्ती बधिर, आणि 60 ते 70 डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी धरली जाते. साधे घरगुती बोलणे सुमारे 60 डेसिबलचे असते. म्हणजे समोर बसून तुम्ही व्यवस्थित बोललात तरी त्या कानांपर्यंत ते पोचत नाही. अशा वेळी कानाशी ओरडून उपयोग नाही. ओरडताना ओठांचे आकार मात्र वेडेवाकडे होतात आणि जे थोडे वाचता आले असते तेही वाचता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. शाळेत मुलाला ओठवाचन शिकवतात ते पुस्तकी मराठीचे आणि घरी सगळे बोलतात मालवणी. 'मला' वाचायला शिकलेले मूल घरी येऊन 'माका' कसे वाचणार? 2020 नंतर करोनाच्या काळात तर तोंडावर मुसके आले आणि उरलेसुरले ओठही झाकले गेले. त्या दोन वर्षांत बधिर रुग्णांचे काय हाल झाले असतील, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

खुणांची भाषा ही खरीच भाषा आहे

अनेकांना वाटते की खुणा म्हणजे नुसते हातवारे, आणि त्या जगभर सारख्याच असतात. दोन्ही समज चूक आहेत. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बधिरांच्या भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकेतली भाषा फ्रान्समधल्या जुन्या खुणांच्या भाषेतून आली आहे. इंग्लंडमध्ये अक्षरे दोन हातांनी दाखवतात, अमेरिकेत एका हाताने. अमेरिकेत विल्यम स्टोकी या प्राध्यापकांनी 1960 साली दाखवून दिले की या खुणांना बोलीभाषेसारखेच घटक आणि नियम असतात. आपल्याकडच्या खुणांचा शास्त्रीय अभ्यास 1970 नंतरच्या दशकात सुरू झाला. त्यात मदन वशिष्ठ या स्वतः बधिर असलेल्या अभ्यासकांचा मोठा वाटा आहे.

भारतीय सांकेतिक भाषेत 'स्त्री' दाखवताना बोट नाकाला लावतात, जिथे चमकी किंवा नथ असते तिथे, आणि 'पुरुष' दाखवताना मिशीवरून बोट फिरवतात. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, 'तुझे नाव काय' या मराठी वाक्यासारखाच. नकारही बहुधा शेवटी येतो. भुवया, डोळे, मान यांना व्याकरणात काम असते. हात तेच, पण भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. म्हणून बधिर माणसाशी बोलताना कागदावर खाली बघून बोलणे म्हणजे आपण अर्धे वाक्य गिळण्यासारखे आहे. गावोगावच्या खुणांत फरक असतो, तसा तो मालवणी आणि वऱ्हाडीतही असतोच. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने (स्थापना 2015) 2018 साली 3,000 शब्दांचा कोश काढला, 2021 पर्यंत तो 10,000 शब्दांपर्यंत गेला.

माझ्या त्या रुग्ण बाईला मात्र ही भाषा येत नव्हती. ती शाळेतच गेली नव्हती. तिच्या खुणा घरात तयार झालेल्या, घरापुरत्या. कुर्ली म्हणजे दोन बोटांचा चिमटा, सासू म्हणजे डोक्यावरचा पदर. घरखुणांनी रोजचे व्यवहार निभतात. भूक, पाणी, बाजार, मासळी, सगळे सांगता येते. पण 'दोन आठवड्यांपूर्वी', 'नेहमीपेक्षा वेगळे', 'असे झाले तर तसे करा' हे सांगणे कठीण जाते. आणि डॉक्टरला नेमके तेच हवे असते! भाषा लहानपणीच मिळणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळावे.

शाळांचा इतिहास

1880 साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणा काढून टाकून फक्त बोलणे व ओठवाचन शिकवावे, असा ठराव झाला. ठरविणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. मुंबईत माझगावला बधिरांची शाळा निघाली ती याच दशकात. पुढे आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत हीच पद्धत चालली. वर्गात खुणा केल्या की हातावर छडी, आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात पोरे खुणांनीच बोलणार. भाषा जगली ती अशी, मास्तरांच्या पाठीमागे. शेवटी 2010 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी!

याचा अर्थ बोलायला शिकवू नये असा नाही. श्रवणयंत्र, वाचोपचार, कानातील शस्त्रक्रिया या सर्वांचा उपयोग आहेच. पण ते जमेपर्यंत किंवा न जमल्यास मुलाला भाषेवाचून ठेवणे योग्य नाही. खुणा शिकल्याने मूल बोलायचे सोडून देते, ही भीती निराधार आहे.

दुभाषी कोण?

'खामोशी' हा 1996 चा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. आपल्या शेजारच्या गोव्यातले बधिर आईबाप आणि त्यांची ऐकू येणारी मुलगी. जग आणि आईबाप यांच्यामधला सगळा व्यवहार ती मुलगी करते. पाहताना डोळे पाणावतात. परंतु मुलाला दुभाषी करणे ही कौतुकाची नव्हे, काळजीची गोष्ट आहे. आईच्या पाळीचे, बापाच्या दारूचे, घरच्या कर्जाचे बोलणे त्या लहान तोंडातून काढायचे? मूल लाजते, घाबरते, वाक्य गाळते. मोठी माणसे गाळतात ती वेगळ्या कारणाने. सासू 'वाईच अशक्तपणा' म्हणून मोकळी होते आणि रुग्णाने पाच मिनिटे सांगितलेले एका वाक्यात संपते.

प्रशिक्षित दुभाष्याचे काम वेगळे असते. तो सगळे सांगतो. काही गाळत नाही, पदरचे घालत नाही. तो सल्ला देत नाही, कुणाची बाजू घेत नाही, आणि ऐकलेले बाहेर बोलत नाही. हे काम डोक्याला फार थकवणारे असते. मोठ्या सभेत दोन दुभाषी वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून काम करतात ते यामुळेच. दूरदर्शनवर 1987 पासून बधिरांसाठी सुरू झालेल्या बातम्या आपण पाहिल्या असतील. ते काम किती अवघड, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नसेल.

मुंबईत वांद्र्याला 1983 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. तिथे आणि दिल्लीच्या केंद्रात या भाषेचे आणि दुभाषांचे शिक्षण मिळते. 2011 च्या जनगणनेत देशात ऐकू न येणाऱ्यांची संख्या सुमारे 50 लाख नोंदली गेली. त्या मानाने शिकलेले दुभाषी फारच थोडे आहेत. आपल्या तालुक्यांतील बारावी झालेल्या मुला-मुलींनी या शिक्षणाचा जरूर विचार करावा.

कायदाही आता बधिरांच्या बाजूने आहे. 2016 च्या कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच खुणांची भाषा येते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार बोलू न शकणारा साक्षीदार खुणांनी किंवा लिहून साक्ष देऊ शकतो. ती तोंडी साक्षच मानली जाते, आणि दुभाष्याची मदत व चित्रीकरण यांची तरतूद आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या बधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. जे न्यायालयात शक्य झाले ते दवाखान्यात का होऊ नये?

रोजचे जगणे

बधिर माणसांना एकमेकांना हाक मारायची असेल तर खांद्याला हलकेच स्पर्श करतात, हात हलवतात, दिवा उघडझाप करतात किंवा लाकडी फळीवर पाय आपटतात. टाळ्या वाजवायच्या नसतात, दोन्ही पंजे वर करून हलवायचे असतात. प्रत्येक माणसाला नावाची खूण मिळते, त्याच्या एखाद्या लकबीवरून. माझी खूण म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा वर ढकलणे. ही मला त्याच बाईने दिली आणि आता वाडीतली पोरेही मला तीच करून दाखवतात. मूल लहान असताना रात्री ती त्याच्या पायाला सुती दोरी बांधून दुसरे टोक आपल्या मनगटाला बांधून झोपायची. मुलाने पाय झाडला की हिला जाग!

गंमत अशी की समुद्रावर तिचे फारसे अडत नाही. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू येणाऱ्यांनाही हातानेच बोलावे लागते. रापण ओढताना होडीवरून किनाऱ्याला खुणाच होतात. अडते ते बसस्टँडवर, बँकेत, तलाठ्याकडे आणि दवाखान्यात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. अशा वेळी भोंग्यावरून सूचना देत गाडी फिरते. ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याच्या दारात जाऊन खुणेने सांगण्याची जबाबदारी वाडीतल्या एकाने तरी घ्यायला हवी.

मोबाईलमुळे मात्र या मंडळींचे जग पालटले. पूर्वी फोन ही त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी वस्तू होती. आता चित्र दिसणाऱ्या फोनवरून कुडाळचा मुलगा मुंबईच्या मित्राशी तासन्‌तास हातांनी गप्पा मारतो.

दवाखान्यात काय करावे?

1. रुग्णाकडे पाहून बोला, बरोबरच्या माणसाकडे पाहून नको. 'त्यांना विचारा' असे न म्हणता थेट 'तुम्हाला कधीपासून दुखते?' असे विचारा.

2. दुभाषी असेल तर त्याला डॉक्टरांच्या शेजारी बसवा, म्हणजे रुग्णाला दोघेही दिसतात. उजेड डॉक्टरांच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको.

3. लहान मुलाला दुभाषी करू नका. दुभाषी मिळत नसेल तर बधिर मुलांच्या शाळेतील शिक्षक किंवा खुणा जाणणारी प्रौढ व्यक्ती, तीही रुग्णाच्या पसंतीची, शोधा. फोनवरून चित्रासह दुभाष्याशी बोलता येते.

4. लिहून देताना वाक्ये छोटी ठेवा. अनेक बधिरांना मराठी ही परक्या भाषेसारखी शिकावी लागते. 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये' यातले 'गोळी' आणि 'उपाशीपोटी' एवढेच लक्षात राहिले तर अनर्थ होईल. त्यापेक्षा जेवणाचे ताट आणि त्यानंतर गोळी, सूर्य आणि चंद्र, असे चित्र काढा. दिनदर्शिका टेबलावर ठेवा, तारखांवर बोट ठेवून बरेच विचारता येते. मी आता पाळीचा प्रश्न तसाच विचारतो.

5. मान हलवली म्हणजे समजले असे नव्हे. संकोचाने सगळेच मान हलवतात. गोळ्या कशा घेणार ते रुग्णालाच करून दाखवायला सांगा.

बाळ ऐकते का?

जन्मतः बधिर असलेल्या मुलांपैकी दहात नऊंचे आईबाप ऐकू येणारे असतात, म्हणून शंका उशिरा येते. मोठ्या आवाजाला दचकत नाही, सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाकडे वळत नाही, वर्षाचे झाले तरी एकही शब्द नाही, ही लक्षणे दिसली तर 'बापूसही उशिरा बोललो होतो' म्हणून थांबू नका. भांडे वाजवून केलेली परीक्षाही फसवी असते. मूल जमिनीच्या कंपाने किंवा तुमच्या हालचालीने वळते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, हा सरळ नियम. गोवर-रुबेला लस वेळेवर घ्या, नवजात बाळाची कावीळ अंगावर काढू नका आणि जवळच्या नात्यात लग्न जुळवताना विचार करा.

शेवटी

ती मुलगी आता मोठी झाली. लग्न होऊन मुंबईला असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला घेऊन आली होती. आईला तपासून झाल्यावर ती एकटीच मागे थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी आवस काय सांगत होती ता माका समाजला होता. मिया लाजलंय. ती मेली असती तर माझ्यामुळे मेली असती."

इतकी वर्षे हे ओझे ती वागवत होती. मी तिला म्हटले, "बाय, तू अकरा वर्षांची होतीस. विचारायचे काम माझे होते. चूक माझी." हे तिला मी फार पूर्वी सांगायला हवे होते.

दारातून आई आमच्याकडे पाहत होती. आमचे काय चालले आहे, असे तिने भुवया उंचावून विचारले. मुलीने डोळे पुसून तिला हातांनी सगळे सांगितले, या वेळी काहीही न गाळता. आईने तिच्या डोक्यावर टपली मारली, मग माझ्याकडे वळून चष्मा वर ढकलण्याची खूण केली आणि हसली.

23 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो. त्या दिवसाची वाट न पाहता आपल्या वाडीतल्या एका बधिर माणसाकडून आजच तीन खुणा शिकून घ्या: 'कसे आहात', 'दुखते का' आणि 'पुन्हा सांगा'. यातली तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची.